टेबलाखालचा वॉकिंग पॅड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी नाशिकला राहते आणि २०२० पासून घरूनच काम करते. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायची, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात. माझ्या खुर्चीपासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. दिवसभरात चालणं म्हणावं तर तेवढंच. गेल्या वर्षी वजन ७४.६ किलो आणि कंबर ९१ सेंमी भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी डॉक्टर ८० सेंमीची मर्यादा सांगतात, म्हणून मनावर घेतलं आणि साडेचौदा हजारांना वॉकिंग पॅड आणला.

पॅड म्हणजे कठडा नसलेली, चपटी ट्रेडमिल. वजन पंचवीस किलो, पण खाली चाकं असल्यामुळे एकटीला पलंगाखाली सरकवता येते. खरी अडचण टेबलाची. पॅडवर उभं राहिलं की आपण बारा सेंमी उंच होतो आणि साधं टेबल मांडीपाशी येतं. त्यासाठीचं महागडं टेबल मी घेतलं नाही. आजीची पाण्याच्या हंड्याची घडवंची माळ्यावर पडून होती, ती टेबलावर ठेवून वर लॅपटॉप मांडला. कोपर काटकोनात आलं आणि मान दुखायची थांबली.

वेगाचं गणित हाताला बसायला पंधरा दिवस लागले. ताशी २.२ किलोमीटरला मला टाइप करता येतं. नुसत्या ऐकायच्या मीटिंगला ३. चारच्या पुढे माऊस नीट धरवत नाही आणि बोलताना धाप ऐकू जाते. आकडेमोडीच्या शीटवर मात्र मी बसूनच काम करते, एकदा रकमेत शून्य चुकलं होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुपारच्या जेवणानंतरच्या वीस मिनिटांचा. पूर्वी भात खाल्ला की तीनला डोळे मिटायचे, आता तसं होत नाही. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि माझं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ वरून ५.७ वर आलं. एवढ्यासाठीसुद्धा मी हा पॅड पुन्हा घेईन.

वजन सध्या ६९.९ आहे, पण त्याचं सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. इतक्या सावकाश तासभर चाललं तर बसण्यापेक्षा जेमतेम ९० कॅलरी जास्त जळतात. एका वडापावात साधारण तीनशे असतात आणि किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७००. रोज दीड तास चालूनही चार वाजताचं फरसाण सुरूच ठेवलं असतं तर काटा इतका हलला नसता. पडद्यावरच्या कॅलरींवरही जाऊ नका. माझं वजन त्या यंत्राला ठाऊकच नाही.

पहिल्या महिन्यात अनवाणी चालले आणि सकाळी उठताना टाच दुखायला लागली. बूट घातल्यावर दुखणं थांबलं. पट्टा डावीकडे सरकायचा, तो सोबतच्या किल्लीनं मागचा स्क्रू पाव फेरा फिरवून जागेवर येतो. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल वेळेवर घाला, नाहीतर मोटर तापते. तिसऱ्या महिन्यात यंत्र बंदच पडलं आणि दुरुस्तीचा माणूस यायला १९ दिवस लागले. कोणत्याही कंपनीचा घ्या, पण आपल्या गावात दुरुस्तीची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारा.

मोटरचा आवाज कमी आहे, पण टाचांचा दणका स्लॅबमधून खाली जातो. खालच्या काकू एकदा वर आल्या नि म्हणाल्या, “अगं, रात्री डोक्यावर धप धप होतं, यांना झोप लागत नाही.” मला फार वाईट वाटलं. जाड रबरी चटई घातली आणि रात्री नऊनंतर चालणं बंद केलं.

नणंदेलाही घ्यायचा होता. तिचा मुलगा दोन वर्षांचा आहे. पट्ट्याचं मागचं टोक उघडं असतं, बोटं आत ओढली जाऊ शकतात. मी तिला म्हटलं, “वन्सं, एवढ्यात नको. तोपर्यंत फोन आला की गच्चीवर जाऊन बोला.”