आधी त्याची खेळी बघू की आपली तपासू?

बुद्धिबळात ढोबळ चुका टाळायच्या दोन सवयी आहेत. पहिली: प्रतिस्पर्ध्याने खेळी केली की ‘आता काय बदललं?’ हे विचारायचं. दुसरी: आपली खेळी ठरली की हात लावण्याआधी त्यावर येणारे शह, मारामाऱ्या (मोहरे मारणं), अदलाबदली बघायच्या.

२००६ मध्ये जर्मनीतल्या बॉनला रशियाचा क्रामनिक डीप फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रामशी खेळत होता. संगणकाचा घोडा एफ८ या घरावर आला आणि एच७ च्या घराला त्याचा जोर मिळाला. क्रामनिकने वजीर ई३ वर नेला. पुढच्याच खेळीत संगणकाच्या वजिराने एच७ वर मात केली. तेव्हा जगज्जेता असलेल्या माणसाला पहिल्याच प्रश्नाने वाचवलं असतं!

२०२४ च्या सिंगापूरमधल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, चौदाव्या डावात, चीनच्या डिंगने भारताच्या गुकेशविरुद्ध हत्ती एफ२ वर आणला. चूक डिंगच्या स्वतःच्याच खेळीत होती, म्हणून तिथे पहिला प्रश्न पुरत नाही. हत्तींची अदलाबदल झाली, मग गुकेशने उंट डी५ वर आणला, डिंगच्या कोपऱ्यातल्या उंटाला अदलाबदल टाळता येईना, आणि उरलेला प्याद्यांचा डाव त्याच्यासाठी हरलेला. इथे दुसरीच सवय हवी होती.

दुसरीला वेळ लागतो, ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावात) ती जमतच नाही. नवशिक्या मुलांना मी आधी पहिलीच लावतो. त्यांचे वजीर बहुतेक वेळा समोरच्याची खेळी न बघितल्यानेच जातात.