घरपोच सेकंडहँड गाडी: गाडीला शून्य, परताव्याला अडीच तारे

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. सेवा अशी: ॲपवर गाडी पसंत करायची, टोकन भरायचं, उरलेली रक्कम वळती करायची, की गाडी कॅरिअरवर चढून तुमच्या दारात. आमची होती 2019 ची पेट्रोल हॅचबॅक, सुरत पासिंग, 5 लाख 85 हजार. फोटो चकाचक. तपासणीच्या रिपोर्टात हिरव्या टिकांची रांग आणि वर ठळक ओळ, ‘अपघात नाही, पाण्यात गेलेली नाही’. ह्यांनी त्या पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवला होता. ह्यांना बस-तिकिटाचासुद्धा फोटो काढून ठेवायची खोड आहे, एरवी मी त्यावरून चिडवते.

गाडी बडोद्यात मांजलपूरला आमच्या सोसायटीत उतरली. दार उघडलं तर मोगऱ्याच्या सेंटचा असा भपका, जसं काही आत कुणाचं लग्न लागतंय. कॅरिअरवाल्याला पुढे आणंद गाठायचं होतं. ‘बेन, ओटीपी आपी दो ने’ असं त्याचं चालू. ओटीपी दिला, पण त्याच्या आधी कंपनीला ईमेल टाकला: ‘गाडी पोचली. तपासलेली नाही. तपासून कळवतो.’

या एका ईमेलला किंमत आहे. 1930 चा वस्तू विक्री कायदा न बघता घेतलेल्या मालाबद्दल खरेदीदाराच्या बाजूने बोलतो. कलम 41 सांगतं की तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत माल तुम्ही स्वीकारला असं धरता येत नाही. लगेच पुढचं कलम 42 मात्र उलटा कान पिळतं: काहीच न कळवता माल वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतला, किंवा स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा वापरला, तर स्वीकारला असं समजतात. म्हणजे ‘बघू रविवारी’ म्हणत गाडी आठवडाभर फिरवलीत की अर्धी केस गेली.

मकरपुऱ्याहून आमचे नेहमीचे गॅरेजवाले काका आले. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर बुडालेल्या गाड्या उघडून उघडून बडोद्याच्या मिस्त्र्यांचे हात याबाबतीत तयार झाले आहेत. काकांनी बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येतो तेवढा भाग स्वच्छ, आणि एरवी आत गुंडाळलेला राहतो त्या टोकाला तपकिरी आडवी रेघ. पाणी कुठवर होतं ते तिथे लिहिलेलंच होतं. सीटखालचे बोल्ट गंजलेले. डिकीत स्टेपनी उचलली तर खाली वाळलेला गाळ. डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, तांब्यावरचा तो हिरवा थर कशाचा हे मला कुणी सांगायला नको.

काका भले माणूस. म्हणाले, ‘वायरिंग साफ करून देतो, स्वस्तात होईल.’ करू दिलं नाही. पुरावा पुसला जातो, आणि कंपनी म्हणायला मोकळी की छेडछाड तुमच्याच मिस्त्रीने केली. फोटो, व्हिडिओ, काकांची सहीनिशी चिठ्ठी, एवढ्यावर थांबलो. त्याच संध्याकाळी दुसरा ईमेल गेला: वर्णनाशी गाडी जुळत नाही, म्हणून नाकारत आहोत, घेऊन जा, पैसे परत करा, आणि आमच्या नावावर आरसी ट्रान्सफरची प्रक्रिया थांबवा. हे शेवटचं विसरू नका. गाडी नावावर झाली की परत देताना मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 चा सगळा खेळ उलट्या दिशेने. नाकारलेला माल आपण पोचवून द्यायचीही सक्ती नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरतं.

आता कस्टमर केअर. इथे तारे पडले. पहिला दादा म्हणाला, ‘मॅम, रिपोर्ट म्हणजे गॅरंटी नसते.’ दुसरी मुलगी, ‘आम्ही फक्त मध्यस्थ.’ मग बिल काढलं. विक्रेता म्हणून नाव कंपनीचं, जीएसटी नंबर कंपनीचा. मध्यस्थ कसले! तिसऱ्याने अटींमधलं ‘गाडी आहे त्या स्थितीत’ हे वाक्य वाचून दाखवलं. आहे त्या स्थितीत ठीक, पण स्थिती कोणती हे रिपोर्टात तुम्हीच लिहिलंत ना? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत सरळ आहे की जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं, हेही त्यातच. आम्हाला मिळालं काय, तर एसी सर्व्हिसिंगचं कूपन आणि 15 हजारांची ‘सदिच्छा रक्कम’. नाकारली.

मग 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही सेवा मात्र चांगली, फुकट आहे, आणि तिचा उपयोग एवढाच की कंपनीत तुमची फाइल कूपनवाल्या टेबलावरून उठून वरच्या टेबलावर जाते. सोबत वकिलाची नोटीस. त्यानंतर भाषा बदलली. गाडी उचलून नेली, किंमत खात्यात जमा झाली. डिलिव्हरी आणि कागदपत्रांचे म्हणून 12,400 रुपये मात्र कापले.

एक फरक ध्यानात असू द्या. हे सगळं जमलं कारण विकणारा धंदेवाला होता. शेजारच्या काकांनी स्वतःची गाडी विकली तर ते व्यापारी नव्हेत, ग्राहक आयोग तिथे कामाला येत नाही. फसवून विकल्याचं दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं. डीलरकडून घेत असाल तर आरटीओचं अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र मागा, एप्रिल 2023 पासून तशी पद्धत आहे. आणि सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून निर्धास्त होऊ नका. मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, हे तिथे दिसतं, पाणी दिसत नाही. ते कंपनीच्या वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदींत किंवा विम्याच्या क्लेममध्ये सापडलं तर सापडतं.

कापलेल्या 12,400 साठी ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार भरली आहे. कंपनीचं ऑफिस परराज्यात असलं तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे वडोदऱ्यातच, आणि मुदत दोन वर्षांची. तक्रारीची फी मालासाठी मोजलेल्या किमतीवर ठरते: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना 200 रुपये. ते 200 मी तक्रारीत कंपनीकडून मागितलेल्या खर्चात लावले आहेत.