नको असलेल्या गादीची कादंबरी: साचा अहिल्याबाईंचा की बायजाबाईंचा?

मनाविरुद्ध राणी झालेली आणि दोन निष्ठांच्या ओढाताणीत सापडलेली नायिका घेऊन अद्भुत कादंबरी लिहायची, तर इंदूरच्या मराठी लेखकाला परदेशी किल्ले उसने आणायची गरज नाही. अहिल्याबाई होळकरांचं महेश्वर नव्वदेक किलोमीटरवर आहे आणि बायजाबाई शिंद्यांचं ग्वाल्हेर एका रात्रीच्या गाडीवर. नावं, गावं, देव सगळं बदलता येतं, पण सांगाडा मध्येच बदलता येत नाही. म्हणून तो आधी ठरवावा.

अहिल्याबाईंच्या आयुष्यात सुरुवात आयती मिळते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, त्या सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना अडवलं. गेलेल्या नवऱ्याशी इमान राखायचं की सासऱ्याच्या दौलतीशी, हा पेच पहिल्याच प्रकरणात उभा राहतो. पुढची बारा वर्षं शिकण्याची. १७६५ मध्ये सासरे सुनेला पत्र लिहितात, तेही तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याबद्दल. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. दिवाण चंद्रचूड दत्तकाचा आग्रह धरतात आणि राघोबादादांना बोलावतात. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी धरली, तर एवढ्यात पंचवीस हजार सहज भरतात.

घोळ त्यानंतर होतो. पेशव्यांनी कारभाराला मान्यता दिली, फौज होळकरांचे सरदार तुकोजी यांच्याकडे गेली आणि पेच सुटला. अठ्ठावीस वर्षांचा नीट कारभार प्रजेसाठी भाग्याचा, पण कथानक तिथेच बसकण मारतं. शिवाय या राणीला आपल्याकडे हात जोडले जातात. ती चुकली तर वाचक दुखावतो, आणि कधीच चुकली नाही तर तिची घालमेल लटकी वाटते.

मधला भाग तोलून धरायला महेश्वरातलीच एक गोष्ट उपयोगी पडते: लिंगार्चन. काळ्या मातीच्या इवल्या गोळ्या लाकडी पाटावरच्या खाचांत एकेक करून बसवायच्या, पूजा करायची आणि नर्मदेत सोडायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. कादंबरीत हीच राज्याची जादू करा. राणीच्या हातचा एक दिवस चुकला, तर तटाचा एक बुरूज मातीचा होतो. आता लेक आजारी पडली तरी तिला वाडा सोडता येत नाही. जादूने पेच सोडवायचा नसतो, आवळायचा असतो. पहिल्या खर्ड्यात नेमकं याच्या उलट होतं.

शेवटही याच आयुष्यात आहे. १७९१ मध्ये मुक्ताबाई सती गेल्या. जिला सासऱ्यांनी मागे फिरवलं, तिला लेकीला फिरवता आलं नाही. मधली सदतीस वर्षं मात्र दहा-बारांवर आणा, नाहीतर दोन प्रसंगांतला धागा तुटतो.

बायजाबाईंचा सांगाडा उलट घडणीचा. १८२७ मध्ये त्यांचे पती, ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले. बाईंनी जनकोजींना दत्तक घेतलं आणि कारभार स्वतः चालवला. १८३३ मध्ये जनकोजींच्या बाजूने फौज उठली आणि बाईंना ग्वाल्हेर सोडावं लागलं. एकीकडे दत्तक मुलगा, दुसरीकडे दरबार, तिसरीकडे कंपनीचा रेसिडेंट, आणि डोक्यावर सर्जेराव घाटग्यांसारख्या बापाच्या बदनामीचं ओझं. हा पेच शेवटच्या पानापर्यंत सैल होत नाही. त्यांची उज्जैनची सावकारीही विसरू नका: तलवार नसलेल्या राणीच्या हाती कर्जरोखे द्या, म्हणजे दरबारातल्या प्रसंगांना धार येते.

अडचण एकच, पण मोठी. बायजाबाईंना सत्ता नकोशी नव्हती. नायिकेची अनिच्छा तुम्हालाच घडवावी लागेल, आणि नवखे लेखक अडतात ते इथेच. गादी नकोच असेल, तर मुलगा मोठा झाल्यावर राणी सुखाने उतरेल आणि कादंबरी संपेल. तेव्हा न उतरण्याचं कारण आधी पेरा. उदाहरणार्थ, गादीवर बसताच मुलगा शत्रूचा तह मान्य करणार आहे, आणि हे फक्त तिला कळलंय. ही पेरणी वीस हजार शब्दांच्या आत हवी. उशीर झाला तर ती लोभी दिसते. मुलगाही दुष्ट नको. त्याची तक्रार वाचकाला पटली पाहिजे.

पहिलीच कादंबरी असेल तर आमचं मत बायजाबाईंच्या बाजूने. मधला भाग आपसूक उभा राहतो. नायिकेचा नकार हाच तुमचा गाभा असेल, तर अहिल्याबाई घ्या आणि लेकीच्या चितेपाशी थांबा.

दीर्घकथेपुरताच जीव असेल, तर बडोद्याच्या जमनाबाई पाहा. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. कैदेतून सुटलेला दीर मल्हारराव कारभारावर, आणि गादी कोणाची ते पोटातल्या मुलावर. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली. वीस हजार शब्दांना हे आठ महिने पुरतात, आणि इथे जादूचीही फारशी गरज पडत नाही.