आजीबाईंच्या रहस्यकथा: नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. पाठोपाठ सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या ७८ वर्षांच्या. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून दिले. नौपाड्यात गॅलरीत बसल्या की घंटाळीकडे जाणारंयेणारं प्रत्येक माणूस नजरेखालून जायचं. इथे खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, माणसं दिसत नाहीत. बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही, मालिकांचा कंटाळा येतो. मग असं ठरलं की मी इंग्रजी पुस्तक वाचायचं आणि रोज दिवेलागणीनंतर त्यांना मराठीत गोष्ट सांगायची. त्यांची अट एकच होती. "खून चालेल गं, पण रक्त नको."

ही अट पाळणारा एक आख्खा साहित्यप्रकार आहे. त्याला कोझी मिस्टरी म्हणतात. खून पडद्याआड होतो, जागा छोटी आणि ओळखीच्या माणसांची असते, शोध लावणारं माणूस पोलीस नसतं. त्यातलीही आम्ही वयस्कर बाईने शोध लावलेली पुस्तकंच निवडली, शक्यतो हसवणारी. नऊ महिन्यांत १७ झाली. घरातल्या ज्येष्ठांसाठी घ्यावीत का, असं विचारणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून केली. ही अविवाहित म्हातारी पहिल्यांदा १९२७ च्या डिसेंबरात एका लघुकथेत आली आणि १९३० मध्ये 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' या कादंबरीत. ती कादंबरी मी दोन संध्याकाळींत सांगून संपवली. पाद्र्याच्या घरातली वाईट स्वयंपाक करणारी मेरी, चहाला जमलेल्या बायकांच्या कुचाळक्या, कोण कुठल्या वेळी कुठे दिसलं यावरची वादावादी, हे सगळं मला पाल्हाळ वाटलं. गाळलं. खुनी कोण ते सांगितल्यावर सासूबाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तू मला आधी सांगितलंच नव्हतंस. मी ओळखणार कशी?"

त्यांचं बरोबर होतं. मी पुस्तक पुन्हा चाळलं, तर मी गाळलेल्या भागातच धागेदोरे पडलेले होते. या पुस्तकांमधला विनोद नुसता विरंगुळा नसतो, हे मला तेव्हा कळलं. लेखक खरी खूण हसण्याच्या जागी ठेवतो. एखादी बाई मोलकरणीबद्दल, भाजीबद्दल, शेजारणीच्या नव्या टोपीबद्दल बोलत सुटते, आपण हसतो आणि पुढे जातो. ज्या वाक्यासाठी ती सगळी बडबड रचलेली असते ते वाक्य आपल्या हातून निसटतं. त्या दिवसापासून मी एक ओळही गाळत नाही. सांगायला दोनाऐवजी दहा दिवस लागतात. पण तिसऱ्या पुस्तकापासून सासूबाई खुनी ओळखायला लागल्या, आणि आता दोनातल्या एका पुस्तकात त्या माझ्या आधी पोचतात. "एक्स्चेंजमध्ये काय बोलतात ते ऐकायचं नाही अशी शिस्त होती," त्या म्हणाल्या, "पण आवाज कानावर पडायचाच. माणूस गरजेपेक्षा जास्त सांगायला लागलं की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय."

आम्हाला सगळ्यांत जवळचं वाटलेलं पुस्तक 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड', १९६२ चं. मिस मार्पल आता खूप थकली आहे. आजारपणानंतर भाच्याने तिच्या सोबतीला मिस नाइट नावाची बाई ठेवली आहे. ही बाई मनाने चांगली, पण म्हातारीशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलते. "आज आपण कसे आहोत? आपण औषध घेऊ या ना?" हे मी सांगितलं आणि सासूबाईंनी दाराकडे बघितलं. आमच्याकडे दिवसा येणाऱ्या आयाबाईही नेमक्या असंच बोलायच्या. मिस मार्पल त्या बाईला लांबलचक खरेदीच्या यादीवर पिटाळते आणि एकटी बाहेर पडते. कुठे जाते? गावाशेजारी नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतीत, जिला गावकरी नावं ठेवतात. तिथे ती धडपडते, अनोळखी घरातली बाई धावत येऊन तिला आत नेते, चहा देते, आणि गोष्ट तिथून सुरू होते. नवी घरं, नवी नावं, पण माणसं तीच, हे मार्पलला तिथे उमगतं. पुनर्विकासात शेजार गमावलेल्या बाईला हे प्रकरण वाचून दाखवताना माझा आवाज एकदोनदा अडखळला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आयाबाईंना शांतपणे सांगितलं, "मला तुम्ही म्हणा, आपण नको." आणि काठी घेऊन लिफ्टने खाली बागेत गेल्या. मी मागे गेले नाही. गोष्टीतलं पडणं ठाऊक होतं, म्हणून गच्चीच्या दारात उभं राहून बघत मात्र होते.

मार्पलच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायला हवं. ती नवं माणूस बघते आणि गावातल्या कुणाची तरी आठवण काढते. हा तरुण अमक्या दुकानातल्या पोऱ्यासारखा, ही बाई तमक्या शिक्षिकेसारखी. पोलिसांना ते भरकटणं वाटतं. आमच्याकडे मात्र हा खेळच झाला. प्रत्येक पात्राला नौपाड्यातला जोडीदार शोधायचा. त्यामुळे इंग्रजी नावं लक्षात ठेवण्याचा प्रश्नही सुटला. वहीत एका बाजूला पुस्तकातलं नाव आणि दुसऱ्या बाजूला 'दूधवाल्याचा धाकटा' असं लिहिलेलं असतं.

नव्या पुस्तकांत पहिला मान रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'ला, २०२० चं पुस्तक. केंटमधल्या कूपर्स चेस या ज्येष्ठांच्या वसाहतीत चौघं दर गुरुवारी जमतात आणि जुनी, न सुटलेली प्रकरणं उकरून काढतात. एलिझाबेथ पूर्वी हेरखात्यात होती, जॉइस नर्स, रॉन कामगार पुढारी, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ. जॉइसची डायरी हा या पुस्तकाचा प्राण आहे. ती केकपासून सुरुवात करते, मुलीच्या फोनवर जाते, मग सहज जाता जाता खुनाबद्दल असं काही बोलते की आपण मागची दोन पानं पुन्हा वाचतो. पाल्हाळ म्हणजे काय हे मला जॉइसने शिकवलं. सासूबाई तिला 'आपली जॉइस' म्हणतात. एक सूचना मात्र देते: पुस्तकं क्रमानेच वाचा. एलिझाबेथच्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश आहे आणि ते दुःख पुस्तकागणिक वाढत जातं. चौथं पुस्तक या बाबतीत फार जड आहे. ज्या घरात हा आजार आहे तिथे आधी स्वतः वाचून मगच पुढे द्या. मी ते आठवडाभर थांबवून, सासूबाईंना विचारून सांगितलं.

'व्हेरा वाँग्ज अनसॉलिसिटेड ॲडव्हाइस फॉर मर्डरर्स' हे जेसी सुतांतोचं २०२३ चं पुस्तक आमच्याकडे सगळ्यांत जास्त हशा पिकवून गेलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली साठीची चहावाली, दुकानात मृतदेह सापडतो आणि ती प्रत्येक संशयिताला पोटभर जेवू घालत तपास करते. मुलाच्या लग्नाची काळजी, न मागता दिलेले सल्ले, भरलेले डबे. मला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. रॉबर्ट थोरोगुडचं 'द मार्लो मर्डर क्लब'ही चांगलं. त्यातली ७७ वर्षांची जुडिथ शब्दकोडी रचते आणि थेम्समध्ये पोहते. अगाथा रेझिन मालिका मी चार पुस्तकांनंतर सोडली. नायिका तिथे पन्नाशीची आहे आणि गोष्टींचा साचा फार लवकर दिसायला लागतो.

हे नवं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर ॲना कॅथरिन ग्रीनची अमेलिया बटरवर्थ बघा. १८९७ सालची. मार्पलच्या तीस वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये ही बाई खिडकीतून शेजारचं घर बघत होती. सासूबाईंच्या तरुणपणी घरात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळा पहाड यायचे. ते त्यांना आवडायचे, पण त्यांत धावपळ फार, असं त्या म्हणतात. इथे बाई खुर्चीत बसून विचार करते, आणि जग तिच्याकडे येतं.

आता खटकलेल्या गोष्टी. जुन्या पुस्तकांत मोलकरणींबद्दल आणि परदेशी माणसांबद्दल जे बोललं जातं ते आज कानाला बोचतं. मी ते लपवत नाही, जसंच्या तसं सांगते आणि आम्ही त्यावर बोलतो. पण याच मार्पलने 'अ पॉकेट फुल ऑफ राय'मध्ये, स्वतः शिकवून तयार केलेली ग्लॅडिस नावाची साधी मोलकरीण मारली गेली म्हणून गाडी पकडून त्या श्रीमंत घरात पाऊल टाकलं. मेलेल्या पोरीच्या नाकाला खुन्याने कपड्यांचा चिमटा लावून ठेवलेला असतो. ती चेष्टा मार्पलला सहन होत नाही. सासूबाईंनाही झाली नाही, त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. हलकीफुलकी पुस्तकं म्हणून घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

दुसरी तक्रार नव्या स्वस्त मालिकांबद्दल. शीर्षकात खाण्यावरची कोटी, मागे केकची पाककृती, आणि विनोद म्हणजे म्हातारीला ऐकू येत नाही एवढाच. अशी तीन पुस्तकं आम्ही अर्ध्यात टाकली. पात्राच्या वयाला हसणारं पुस्तक आणि त्या वयाच्या नजरेने जगाला हसणारं पुस्तक, यातला फरक पहिल्या वीस पानांत कळतो. नमुना प्रकरण फुकट मिळतं, ते आधी वाचून घ्या.

खरेदीचं सांगायचं तर छापील संच ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, तो चोरटी छपाई निघाला. फिकट अक्षरं, आणि एका पुस्तकाची शेवटची १६ पानं गायब. रहस्यकथेची! पैसे परत मिळाले नाहीत. ई-पुस्तक मिळेपर्यंत दोन दिवस गेले, त्या दोन दिवसांत सासूबाईंनी वहीत खुन्याचं नाव आणि तीन कारणं लिहून ठेवली. नाव बरोबर निघालं, तीनपैकी दोन कारणंही. तेव्हापासून आम्ही मुद्दाम शेवटच्या प्रकरणाआधी एक दिवस थांबतो. ई-रीडरवर अक्षर मोठं करून त्या आता एखादं पान स्वतःही वाचतात. ऑडिओ पुस्तकं संमिश्र. थर्सडे मालिकेतली पहिली दोन लेस्ली मॅनव्हिलने वाचली आहेत, तिसऱ्यापासून फिओना शॉ आहे. इंग्रजी उच्चार सासूबाईंना पूर्ण कळत नाहीत, पण आवाज बदललेला पहिल्या मिनिटाला कळला आणि रुचला नाही. दोन दिवसांत सवय झाली.

आज संध्याकाळी अठरावं सुरू करायचं आहे. मी मार्लोचा पुढचा भाग काढून ठेवला होता. सासूबाईंनी वही उघडली, पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी ते पाद्र्याच्या घरचं परत. या वेळी मेरीच्या स्वयंपाकासकट."