जुन्या मूक कॉमेडीचा डीव्हीडी सेट: घ्या, पण आवाज बंद करून बघा

सांगलीत आता डीव्हीडीचं दुकान शोधून सापडत नाही, म्हणून ऑनलाईन मागवला. चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डीच्या छोट्या फिल्म, एकेक वीस-पंचवीस मिनिटांची, जेवण झालं की एक टाकायची आणि झोपायचं. विकणाऱ्यानं मात्र वाट लावलीय, कोण पडलं की 'टुंईंग', आपटलं की 'धप्प', डोकं उठतं. म्यूट करा सरळ. आणि स्पीड! तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण 16-18 फ्रेम, ह्यांनी सरसकट 24 नं पळवल्यात. लॅपटॉपवर 0.75 स्पीड ठेवला की माणसं माणसांसारखी चालतात (काही पळापळ तेव्हाच्या लोकांनी मुद्दामच कॅमेरा हळू फिरवून, म्हणजे पडद्यावर जोरात दिसेल अशी, केलेली असायची, ती राहतेच).

पण माल एक नंबर. कीटनची 1920 ची 'वन वीक' बघाच. नव्या जोडप्याला घराचं किट, म्हणजे नंबरवार जोडायचे सुटे भाग, भेट मिळतं, बायकोच्या मागं लागलेला एकजण खोक्यांवरचे नंबर बदलतो आणि हा गडी इमानदारीत नंबर बघून घर बांधतो, वरच्या मजल्याचं दार थेट हवेत उघडतं. मग कळतं प्लॉटच चुकलाय, आपला रुळांपलीकडं! गुंठेवारीत घर बांधलेले आमचे मामा इथं खुर्चीतून पडायचे बाकी होते. घर ओढताना रुळावर अडकतं, गाडी येते, दोघं डोळे मिटतात, गाडी शेजारच्या रुळावरनं निघून जाते. हुश्श करतायत तोवर उलट्या बाजूनं दुसरी येते आणि घराचा भुगा. (शंभर वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर.) कॅमेरा लांब ठेवलाय म्हणून आपणपण फसतो. आणि कीटनच्या तोंडावरची सुरकुती हलत नाही, तो हसत नाही म्हणून तर आपल्याला हसू आवरत नाही.

चॅप्लिनच्या 1916 च्या 'द पॉनशॉप'मध्ये गिऱ्हाईक गजराचं घड्याळ गहाण ठेवायला आणतं, तर हा डॉक्टरासारखा स्टेथोस्कोप लावून तपासतो, डबा फोडायच्या ओपनरनं उघडतो, सगळे स्प्रिंग बाहेर काढतो आणि शेवटी भंगार त्याच्याच टोपीत भरून परत देतो. आजीला ह्यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही, मधल्या पाट्या इंग्रजीत होत्या तरी.

लॉरेल-हार्डीच्या 'बिग बिझनेस'मध्ये (1929) तर ह्या दोघांच्या एका घरमालकाशी चाललेल्या मारामारीतसुद्धा शिस्त, हे त्याचं दार तोडतात, तो ह्यांची मोटार तोडतो, आणि समोरचा तोडत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो. फक्त टीव्हीचं सेटिंग 4:3 करून घ्या, चित्र ताणलेलं आहे, हार्डी आधीच मापात नाही.