नव्या गाडीच्या अंगावरची संत्र्याची साल : घासून आठ महिने झाले

मागच्या दसऱ्याला गाडी घरी आली. गडद निळा रंग. शोरूमच्या झगझगाटात काहीच दिसलं नव्हतं. रात्री पोर्चमधली ट्यूबलाइट लावली आणि दारावर तिचं प्रतिबिंब पाहिलं तर सरळ नळीच्या कडा थरथरलेल्या, जसं वाऱ्याने हललेल्या हौदात पाहतोय. बोट फिरवलं तर गुळगुळीत. तिरप्या नजरेने पाहिलं की बारीक बारीक खळगे.

आमचं गाव वरुड तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. या प्रकाराला रंगकामवाले संत्र्याची साल म्हणतात हे मला नंतर कळलं. बाबांनी मात्र काही न वाचता, चष्मा वर करून दार पाहिलं आणि म्हणाले, "हे संत्रं नाई रे बाबू, जंबेरी हाये." बाहेरच्यांसाठी सांगतो, जंबेरी म्हणजे ज्याच्या खुंटावर आम्ही संत्र्याचा डोळा भरतो, म्हणजे कलम करतो, ते खरबरीत सालीचं रानटी लिंबू. आणि बाबांचं बरोबर होतं. बॉनेट आणि टप बघितले तर संत्रं, चारही दारं जंबेरी.

शोरूमला गेलो. दोघातिघांनी वाकून पाहिलं आणि "कंपनीच्या मर्यादेत आहे" असं सांगितलं. वर सिरॅमिक कोटिंग करून घ्या, सगळं झाकलं जाईल, हेही ऐकवलं. यातलं पहिलं म्हणणं मला आता पटतं. दुसरं साफ चूक आहे. सिरॅमिकचा थर जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो खळगे कसे भरणार? उलट चमक वाढली की लाटा जास्तच डोळ्यात भरतात.

पहिलं का पटतं ते सांगतो. कारखान्यात रंग उडवतात तो फिरत्या घंटेसारख्या नोझलमधून, बारीक तुषार करून. हे तुषार पत्र्यावर पडल्यावर एकमेकांत मिसळून सपाट व्हायला थोडा वेळ लागतो. थेंब जाड पडले, रंग घट्ट असला किंवा आतलं द्रावक (थिनर) लवकर उडून गेलं की सपाट होण्याआधीच तो आळतो, खळगे तसेच राहतात. मग बॉडी १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजली जाते आणि ती साल कायमची पक्की होते. दारं उभी असतात, तिथे रंग जास्त पातळ असला किंवा थर जाड बसला तर ओघळ येतात, म्हणून तो मुद्दाम कमी पसरेल असा मारतात. बॉनेट आडवं, त्यावर रंगाला पसरायला सवड मिळते. आणि बंपर प्लास्टिकचा, तो एवढ्या भट्टीत टिकणार नाही म्हणून बहुधा वेगळा रंगवतात. माझ्या गाडीत म्हणूनच बंपर एका जातीचा, शेजारचा मडगार्ड दुसऱ्या जातीचा.

घासायचं ठरवण्याआधी एक गोष्ट केली, आणि सगळ्यात शहाणपणाची तीच ठरली. नागपूरहून ओळखीच्या पेंटरकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर दोन दिवसांसाठी आणलं. बॉनेट ११८ ते १२४ मायक्रॉन, दारं १०५ ते ११२, खिडकीच्या खांबावर तर ९२. हा आकडा सगळे थर मिळून असतो: खाली गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. घासायला आपल्या हातात असतो तो फक्त क्लिअर, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. ऊन अडवणारं रसायनही त्यातच असतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. क्लिअर फार पातळ केला तर काही उन्हाळ्यांत तो पांढरा पडून पापुद्रे सुटायला लागू शकतात. जुन्या गाड्यांच्या टपावर असे खवले सगळ्यांनी पाहिलेले असतात. शिवाय घासलं की रंगाची वॉरंटी विसरायची. हे कळून-सवरून हात घातला.

नागपूरला एका ठिकाणी पूर्ण गाडीचे अठ्ठावीस हजार सांगितले. मीटर लावून किती मायक्रॉन काढणार ते आधी सांगा म्हटलं, तर माणूस हसला. तिथून परत आलो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. फळं विकून झाली होती, आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी, झाडं ताणावर होती, ओलित बंद. हात मोकळे आणि थंडीही होती. थंडी महत्त्वाची, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड (रेघा घालवणारी घासायची पेस्ट) फिरवेपर्यंत वाळून जातं. साडेसहा हजारांची ड्युअल ॲक्शन पॉलिशिंग मशीन घेतली. ती फिरता फिरता डोलते, त्यामुळे रंग एका जागी सहसा जळत नाही. नवशिक्याने नुसती गोल फिरणारी रोटरी हातात धरू नये, माझं स्पष्ट मत. २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर (ओले करून घासायचे कागद, नंबर मोठा तितका बारीक), एक कडक रबराचा ठोकळा, मास्किंग टेप, कंपाउंड, पॉलिश, पॅड.

पहिला दिवस वाया गेला. स्पंजवर ३००० चा पेपर गुंडाळून दीड तास घासलं. पत्रा मस्त धुरकट झाला, पॉलिश मारली, चमक आली आणि लाटा होत्या तशाच. डोक्यात प्रकाश पडायला रात्र जावी लागली. ढेकळाच्या वावरात सतरंजी ओढली तर ती ढेकळांवरून चढते-उतरते, वावर सपाट होत नाही. फळी ओढावी लागते. मऊ स्पंज म्हणजे सतरंजी. दुसऱ्या दिवशी २००० चा पेपर अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजवून कडक ठोकळ्यावर लावला आणि कडांना टेप मारून डावीकडच्या मागच्या दारापासून सुरुवात केली.

हे काम बघण्यासारखं आहे. आठ-दहा हात फिरवायचे, काच पुसायच्या वायपरने पाणी ओढायचं आणि पाहायचं. घासला गेलेला भाग पिठूळ, फिका दिसतो. त्यात चमकणारे टिपके उरतात, जसे चुन्याच्या भिंतीवर पाण्याचे शिंतोडे. हे टिपके म्हणजे खळगे, तिथपर्यंत कागद अजून पोहोचलेला नाही. सुरुवातीला टिपकेच टिपके, मग ते आक्रसत जातात. हात थांबवणं सगळ्यात कठीण. मी पाचातला एक टिपका राहू द्यायचा असं ठरवलं होतं. सगळे घालवायला गेलं की सगळ्यात खोल खळग्याएवढं क्लिअर अख्ख्या दारावरून काढावं लागतं. पाण्याचा रंगही पाहत राहायचा. दुधासारखं पांढरं पाणी म्हणजे क्लिअर निघतोय.

डाव्या दारांनंतर बॉनेट. मग २००० च्या रेघा घालवायला ३०००, मग मायक्रोफायबर पॅडने कंपाउंड, मग फोमने पॉलिश. मध्येच लाइट गेली. इन्व्हर्टरने मशीन दोन मिनिटं ओढली आणि शिटी वाजवून बसला. एका दाराला सरासरी साडेतीन तास. शेजारचे काका रोज फाटकाशी उभे राहून विचारायचे, "नवीकोरी गाडी कायले घासून रायला गा?" चौथ्या दिवशी त्यांना दारात आपलं तोंड आणि मागचा विजेचा खांब सरळ दिसला, तेव्हा बोलणं बंद झालं आणि त्यांनी खिशातून कंगवा काढला.

आता माझी चूक. डाव्या पुढच्या दाराला हँडलच्या खाली एक धार आहे. टेप थोडी सुटली होती. अंधार पडत आला होता, आणि संपवायची घाई. दोन-तीन हात जास्त फिरले. वायपर ओढला तर पांढऱ्या पाण्यात निळी रेघ. पोटात गोळा आला. धारेवर क्लिअर मुळातच पातळ बसतो, तो संपून खालचा रंग उघडा पडला होता. तुरीच्या दाण्याएवढा डाग. टच-अपची बाटली आणून काडीच्या टोकाने भरला. दोन हातांवरून दिसत नाही, जवळून मला दिसतो, आणि धुताना माझा हात पहिल्यांदा तिथेच जातो. त्या रात्री ठरवलं की उजव्या बाजूला हात लावायचा नाही.

शेवटी मीटर पुन्हा लावलं. बॉनेट ११४ ते ११७, डावी दारं ९८ ते १०४. म्हणजे सरासरी सहा-सात मायक्रॉन गेले. क्लिअरच्या जाडीतून बघितलं तर सहावा-सातवा हिस्सा. यापुढे या बाजूवर कागद लावायचा नाही, हलकी पॉलिशही क्वचितच.

आता आठ महिन्यांचा अनुभव. फेब्रुवारीपर्यंत डावी बाजू काळ्या आरशासारखी होती. मार्चच्या शेवटी ऊन तापलं तसं बॉनेटवर तिरप्या उजेडात बारीक गुंडाळीच्या रेघा दिसायला लागल्या, डुकराच्या शेपटीसारख्या. आधी वाटलं धुताना पडल्या. खरं तर पॉलिशमधल्या तेलाने त्या झाकल्या होत्या, उन्हाने तेल उडालं आणि मूळ रूप समोर आलं. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. जूनमध्ये, पहिला पाऊस पडून पत्रा निवल्यावर मऊ फोमने एक हात मारला, गेल्या. तेव्हापासून परत आलेल्या नाहीत.

सपाट केलेल्या रंगाची एक गंमत आहे. साल असते तेव्हा बारीक ओरखडे तिच्यात लपतात. ती गेली की प्रत्येक ओरखडा बोलतो. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने एकदाच पुसली होती, पोराने, प्रेमाने. बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. आता आधी पाण्याचा फवारा, मग दोन बादल्या (एक साबणाची, एक फडकं खळबळायची), मग मायक्रोफायबर. घरी कापसाचे गठ्ठे पडलेत आणि गाडी पुसायला पॉलिस्टरचं कापड विकत आणतो, यावर घरात रोज टोमणे. बोअरचं पाणी जड, उन्हात वाळलं की पांढरे ठिपके बसतात. उजवीकडे ते दिसत नाहीत, डावीकडे लगेच दिसतात. आणि बागेत डिंक्या रोगासाठी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारणं चालू असेल तर गाडी बांधावर उभी करू नका. एप्रिलमध्ये एकदा वाऱ्याने उडालेले निळसर शिंतोडे काढताना अर्धा दिवस गेला.

पैशाचं म्हणाल तर मशीनसकट साडेनऊ हजारांच्या आत झालं, आणि मशीन अजून घरात आहे. पांढरी किंवा चंदेरी गाडी असेल तर या भानगडीत पडूच नका, त्या रंगात साल फारशी दिसत नाही. गाडी पाच वर्षांत विकायची असेल तरीही नको, घेणारा मीटर लावून बसला तर त्याला कमी आकडा दिसेल. गडद रंग, गाडी बारा-पंधरा वर्षं ठेवायची, आणि तरीही करायचंच असेल तर फक्त बॉनेट करा. दारांवर मी पुन्हा जाणार नाही. कडा फार आणि क्लिअर आधीच कमी. बॉनेट रोज डोळ्यांसमोर असतं, दारं उघडून आपण आत बसतो, त्यांच्याकडे बघतो कोण?

बाबा बघतात. ते डावीकडून चढतात, दार उघडण्याआधी टोपी नीट करतात. मी स्टिअरिंगच्या बाजूने, रोज जंबेरीकडून.