पेठेत राहून काढत्या बॅटरीची स्कूटर वापरताना: पावसाळा ते उन्हाळा

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या आमच्यासारख्या जुन्या इमारतीला लिफ्ट नसते, तळमजल्यावर दुकाने असतात आणि रहिवाशांच्या गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात. त्यामुळे विजेवरची स्कूटर घेताना ती किती किलोमीटर धावते यापेक्षा चार्जिंग कुठे करायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्यात पेठांमधील अनेक रस्त्यांवर पार्किंगची बाजू सम-विषम तारखेप्रमाणे बदलते, म्हणजे आज दारासमोर असलेली गाडी उद्या पलीकडच्या बाजूला जाते. अशा ठिकाणी खिडकीतून वायर सोडणे सोयीचेही नाही आणि सुरक्षितही नाही. म्हणून बॅटरी बाहेर काढून घरात नेता येईल अशी गाडी आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली.

बॅटरीचे वजन दहा किलोच्या आसपास आहे आणि तिला धरायला मूठही आहे, तरी दोन मजल्यांचे अरुंद, उंच पायऱ्यांचे जिने चढताना ते वजन चांगलेच जाणवते. आमच्याकडे गाडी तिघे चालवतात, पण बॅटरी उचलणारे दोघेच आहेत. आईला मंडईत जायचे असेल त्या दिवशी आदल्या रात्रीच कोणी तरी चार्जिंगची आठवण ठेवावी लागते. ज्या घरात ज्येष्ठ मंडळीच राहतात, तेथे माझ्या मते ही गाडी मुळीच घेऊ नये.

खरी अडचण वायरिंगची निघाली. पहिल्याच दिवशी चार्जरवर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. वायरमनने तपासल्यावर असे दिसले की भिंतीतल्या सॉकेटला तिसरे छिद्र असले तरी त्याच्या मागे अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी, तारच जोडलेली नव्हती. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळते, आणि पंखा-दिव्यांवर त्याचा परिणाम दिसत नसल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. अखेर मीटरपासून स्वतंत्र लाइन, वेगळा एमसीबी (जास्त भार आल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच), १६ अँपिअरचे सॉकेट आणि खाली जमिनीपर्यंत नवे अर्थिंग असे सगळे करून घ्यावे लागले. शोरूममध्ये सांगितलेल्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही. चार्जिंग दाराजवळ, फरशीवर, घरात कोणी जागे असतानाच करतो. पडद्याजवळ किंवा पलंगाखाली बॅटरी ठेवत नाही.

वीजबिलाचे गणित पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, यात शंका नाही. मात्र घरगुती बिलात १०० युनिटांच्या वरच्या युनिटांना चढा दर लागतो आणि आमचा वापर आधीच त्या मर्यादेजवळ असल्यामुळे गाडीचे जवळजवळ सगळे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. ‘किलोमीटरला अमुक पैसे’ असा हिशेब सांगणारे हे वगळतात.

एका चार्जिंगमध्ये मिळणाऱ्या अंतराबाबत मात्र मी समाधानी आहे. बाजीराव रस्ता, अप्पा बळवंत चौक, टिळक रस्ता या भागात वेग मुळातच कमी राहतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने संथ वाहतूक अशा गाडीला उलट मानवते. हीच गाडी चांदणी चौकाच्या चढावर किंवा कात्रज घाटाकडे नेली की काटा डोळ्यांदेखत खाली येतो. पिंपरीला जायचे असेल तर आता मी गाडी काढतच नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून तो प्रवास मेट्रोनेच होतो.

घरकामासाठी विचार केला, तर बॅटरीने सीटखालची बहुतेक जागा व्यापल्यामुळे डिकीत रेनकोट आणि एक छोटी पिशवी एवढेच मावते. मात्र पायापाशी जागा सपाट असल्याने गिरणीतला दळणाचा डबा तेथे नीट बसतो, आणि आमच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. मागे जाण्याचा गिअर मला आधी चैनीचा वाटला होता. गणेशोत्सवात बंद रस्त्यांमुळे बोळांतून गाडी मागे काढावी लागली तेव्हा त्याची किंमत कळली. आवाज नसल्याने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी गाडीसमोरून निवांत चालत राहतात, त्यामुळे हॉर्नचा वापर नाइलाजाने वाढला आहे.

पावसात गाडी एकदाही बंद पडली नाही. बॅटरीला आयपी ६७ मानांकन आहे, म्हणजे १ मीटर खोल स्वच्छ पाण्यात ३० मिनिटे टिकण्याची चाचणी तिने पार केलेली असते. रस्त्यावरच्या चिखलाची ही चाचणी नव्हे, त्यामुळे बॅटरी बसवताना जोडणीचे टोक कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

सेवा केंद्राचा अनुभव मात्र निराशाजनक आहे. ब्रेकच्या दांडीतला एक छोटा स्विच बिघडला, तो येण्यासाठी कित्येक आठवडे थांबावे लागले, आणि जवळच्या गॅरेजवाल्याने त्याला हात लावण्यास साफ नकार दिला. वॉरंटी संपल्यानंतर नवी बॅटरी केवढ्याला पडेल, हे मी विक्रेत्याला लेखी विचारले आहे; त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.